प्रबंध संपादकाकडे द्यावा, की डीटीपीवाल्यावरच भागवावं?

पीएच.डी.चा प्रबंध मराठीत असेल तर व्यावसायिक संपादकासाठी पैसे बाजूला ठेवा. इंग्रजीत असेल तर आधी सॉफ्टवेअर आणि एखादी चोखंदळ मैत्रीण पुरते का ते बघा.

इंग्रजीत ग्रामरलीसारखी साधनं काळ, वचन, विरामचिन्हं बऱ्यापैकी सांभाळतात. मराठीत हा आधार तोकडा आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरच्या प्रबंधात ‘सूत’ऐवजी ‘सुत’ पडलं तर स्पेलचेक गप्प राहतो, कारण मुलगा या अर्थाचा तो शब्दही बरोबरच. ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविमन’ ऱ्हस्व, हे सांभाळायला माणूसच लागतो.

विद्यापीठाजवळचा डीटीपीवाला स्वस्त आणि झटपट. मांडणी, अनुक्रमणिका, बाइंडिंग त्याच्याकडूनच करून घ्या. पण तो मजकूर वाचत नाही, आणि त्याच्या दरात ती अपेक्षा धरणंही बरं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा : श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात. म्हणून मुद्रितशोधन त्यानंतरच. आधी केलेलं वाया जातं.

मुद्रितशोधक आणि संपादक यांत लोक गल्लत करतात. मुद्रितशोधक शुद्धलेखन बघतो. संपादक विचारतो, की दुसऱ्या प्रकरणातले ‘स्थलांतरित’ चौथ्यात ‘विस्थापित’ कसे झाले? तक्त्यातली बेरीज खालच्या परिच्छेदाशी का जुळत नाही? मजकुरात आलेला अभ्यासक संदर्भसूचीत कुठे आहे? उत्तरं तुम्ही द्यायची. तोच परस्पर लिहू लागला तर प्रबंध तुमचा उरत नाही, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसायचं तुम्हालाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या संपादकांच्या संस्थेने ही हद्द लेखी आखली आहे : भाषा आणि सुसंगती संपादकाची, आशय आणि रचना मार्गदर्शकाची, शिवाय ऋणनिर्देशात संपादकाचा उल्लेख. आपणही काम देतानाच एवढं कागदावर आणावं, आणि गाइडना कल्पना द्यावी.

गाइडच्या दुरुस्त्या संपायच्या आधी संपादकाकडे मात्र जाऊ नका. सरांनी नंतर अख्खं प्रकरण हलवलं की पैसे दुसऱ्यांदा जातात.

‘प्लॅगरिझम दहाच्या आत आणून देतो’ अशी जाहिरात करणारे वेगळेच. यूजीसीच्या 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, आणि 60च्या वर नोंदणीच रद्द होते. या भीतीवर धंदा चालतो. ही मंडळी समानार्थी शब्द पेरून आकडा खाली आणतात, वाक्यं मात्र निरर्थक होतात. आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला की तीच वाक्यं तुमच्या नावावर कुणीही वाचू शकतं.

संपादक निवडताना पदव्या विचारण्यापेक्षा सर्वांत किचकट प्रकरणातली दहा पानं द्या. त्या पानांचे पैसेही द्या, फुकट नमुना मागू नका. ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनच काम मागा, म्हणजे काय बदललं ते दिसतं. फाइल परत आली की समासातल्या शेऱ्यांकडे बघा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय पण एकही प्रश्न विचारलेला नाही, तर तो मुद्रितशोधक आहे. त्याला मुद्रितशोधनाचाच दर द्या.