मार्च ते ऑगस्ट, कोस्टा रिका: कासवांच्या किनाऱ्यावरची स्वयंसेवा, वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांतात, रात्रीची गस्त, हॅचरी (अंडी हलवून उबवायची राखीव जागा) आणि गावातली शाळा अशी तिन्ही कामं एक हंगामभर केल्यावर मत असं: काम अस्सल आहे, पैसे वाया जात नाहीत. पण दोन आठवड्यांसाठी जाऊ नका. दहा आठवडे काढता येत असतील तरच अर्ज करा.

कारण साधा हिशेब आहे. लेदरबॅक या मोठ्या समुद्री कासवाची एकच मादी एका हंगामात नऊ-दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर येते, हिरवं कासव साधारण बारा दिवसांनी. अंडी उबायला दोनेक महिने लागतात. म्हणजे पंधरा दिवसांत परतणाऱ्याला आपण लावलेला टॅग (कासवाला लावायची क्रमांकाची पट्टी) पुन्हा दिसला तर नशीब, आणि आपण नोंदवलेलं घरटं उघडताना तर तो कधीच नसतो. आपली चूक आपल्याला कळतच नाही. आणि या कामात चुका भरपूर होतात.

सर्वांत जास्त गोंधळ घरट्याची जागा नोंदवण्यात. पद्धत अशी: मादी अंडी घालत असताना खड्ड्याच्या तोंडापासून मागच्या झाडीतल्या तीन झुडपांपर्यंत टेप लावून अंतरं घ्यायची आणि झुडपांना रंगीत फीत बांधायची. दोन महिन्यांनी ती तीन अंतरं जिथे एकमेकांना छेदतील, तिथे खणून किती अंडी उबली ते पाहायचं. एक झाड पडलं तर उरलेल्या दोघांवर भागतं, म्हणून तीन. बिघडतं ते असं: टेप वाळूवर झोळ खाऊन पडते आणि अंतर वीस-तीस सेंटिमीटरनं वाढतं. फीत एका फांदीला बांधतात आणि माप घेतात खोडापासून. तिन्ही झुडपं जवळजवळ एकाच दिशेला निवडतात, मग छेदबिंदू लांबट पसरतो. उपाय सोपा आहे: झुडपं पंख्यासारखी दूरदूर निवडा, टेप दोघांनी ताणून जमिनीला समांतर धरा, माप फितीच्या गाठीपर्यंतच घ्या आणि आकडा जोडीदाराकडून मोठ्याने परत म्हणवून घ्या. पावसात आणि लाल उजेडात १ आणि ७ यांत फरक दिसत नाही.

कवचाचं माप ही गोंधळाची दुसरी जागा. मऊ टेपने कवचाच्या वळणावरून लांबी घेतात. लेदरबॅकच्या बाबतीत मधल्या कण्याच्या वरून नव्हे, त्याच्या शेजारून. लेदरबॅक दीडेक मीटर भरतं, हिरवं एक मीटरच्या आसपास. मापं तीन घ्यायची आणि त्यांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. कवचाला चिकटलेली वाळू आणि शेवाळ पुसलं नाही तर टेप उचलली जाते. कापडी टेप ओली होऊन ताणते, तेव्हा दर आठवड्याला पोलादी टेपशी ताडून पाहा. हे कोणी सांगत नाही, विचारून घ्यावं लागतं.

एवढी कटकट कशाला? याच किनाऱ्यावरच्या टोर्टुगेरोला १९५५ पासून कासवांना टॅग लावले जात आहेत, अमेरिकी कासव-संशोधक आर्ची कार यांच्या कामापासून. मादी दोन-तीन वर्षांनी परतते; तिच्या आयुष्याचं चित्र अशा तुकड्यातुकड्यांच्या नोंदींतूनच उभं राहतं. चुकीचा टॅग क्रमांक हा कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट, कारण तो खरा वाटतो.

आता गस्त. साधारण आठ ते बारा आणि बारा ते चार अशा पाळ्या, भरतीरेषेच्या कडेने मऊ वाळूत दहा-बारा किलोमीटर चाल. पांढरा दिवा बंद, मोबाइल बंद. कासवांचे वाळूतले माग ओळखायला आठवडा पुरतो: लेदरबॅकचा दोनेक मीटर रुंद, हिरव्याचा मीटरभर आणि दोन्ही बाजूंना सारखा, हॉक्सबिल या तिसऱ्या जातीचा अरुंद आणि डावा-उजवा आळीपाळीने. मादी वर येताना किंवा खड्डा खणताना दिसली तर जागच्या जागी थांबायचं. तेव्हा उजेड किंवा हालचाल झाली की ती अंडी न घालता परत फिरते. अंडी पडायला लागली की मागून जवळ जाता येतं. मोजणीसाठी हातातलं क्लिकर (दाबलं की एक आकडा पुढे जाणारं यंत्र) घ्या, तोंडी मोजू नका. हिरव्याची शंभर-सव्वाशे अंडी मोजताना सत्तरनंतर माणूस हमखास चुकतो. लेदरबॅकच्या घरट्यात वरच्या थरात बलक नसलेली लहान अंडी असतात, ती वेगळी मोजायची.

दिव्याबद्दल स्वतंत्र तक्रार आहे. बाजारातले बरेच हेडलॅम्प लाल उजेड देतात खरे, पण बटण दाबलं की आधी पांढरा लागतो आणि मग लाल. ऐन वेळी तो झोत थेट मादीच्या डोळ्यात जातो. लाल उजेडाला वेगळं बटण असलेलाच घ्या, नाहीतर काचेवर लाल सेलोफेनचे दोन थर चिकटवा. नोंदींना पेन्सिल आणि जलरोधक वही. पेन तिसऱ्या रात्री दगा देतं. धातूच्या चेनची बॅग महिन्याभरात खाऱ्या हवेनं जाम होते. कपडे गडद, पातळ, पूर्ण बाहीचे, कारण पुर्रुहा म्हणतात त्या बारीक चावऱ्या माश्या संध्याकाळी सोडत नाहीत. डासांचं मलम लावलेच असेल तर अंड्यांना हात लावण्याआधी हातमोजे घालाच. इथे जुलैतही कोरडा महिना मिळत नाही. या किनाऱ्यावर जरा उघडीप मिळते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात.

भरतीत वाहून जाणारी किंवा चोरीचा धोका असलेली अंडी हॅचरीत हलवतात. हे पहिल्या काही तासांत आणि पिशवी न फिरवता, न हिंदकळवता झालं पाहिजे. नंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटं झालं की तो मरतो. खड्डा वरून अरुंद आणि खाली फुगीर, लेदरबॅकसाठी ७५ सेंटिमीटरच्या आसपास खोल, हिरव्यासाठी साठेक. सुरुवातीला सगळे बादलीसारखा सरळ खड्डा खणतात. हात काखेपर्यंत आत घालून तळ रुंद करायला शिका. वाळूचं तापमान २९ अंशांच्या वर गेलं की माद्या वाढतात, म्हणून सावलीची जाळी आणि रोजची तापमान नोंद. पिल्लं बादलीत ठेवून पाहुण्यांची वाट पाहणारी हॅचरी दिसली तर तिथून निघा: पहिल्या तासांतली त्यांची धडपडीची ताकद बादलीतच संपून जाते.

चोरीच्या धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अंडी चोरणाऱ्यांना तिथे उएवेरो म्हणतात. २००२ च्या ८३२५ क्रमांकाच्या कायद्याने कासवं आणि अंडी संरक्षित आहेत, तरी बाजार आहे. याच प्रांतातल्या मोईन किनाऱ्यावर ३१ मे २०१३ रोजी हाइरो मोरा या तरुण संरक्षकाचा खून झाला. म्हणून अर्ज करण्याआधी विचारा: गस्तीला स्थानिक माणूस सोबत असतो का, रेडिओ आहे का, उएवेरो समोर आला तर काय करायचं हे लिहून दिलेलं आहे का. योग्य उत्तर एकच: वाद न घालता पुढे चालत राहणे. टॅग लावण्याचा पर्यावरण मंत्रालयाचा परवाना आहे का, हेही विचारा.

शाळेच्या कामात मात्र माझी नाराजी आहे, आणि ती नियोजनावर आहे. शाळेचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर चालतं, जुलैत दोन आठवडे सुट्टी. स्वयंसेवकांची गर्दी नेमकी त्याच महिन्यात! स्पॅनिश निदान वर्तमान आणि भूतकाळ बोलण्याइतकी नसेल तर तुम्ही वर्गात चित्रं धरून उभे राहाल, बाकी काही नाही. जे चालतं ते हातात देण्यासारखं: दीड मीटर दोरीवर मुलांना आडवं झोपवून लेदरबॅकची लांबी दाखवणे, टेबल टेनिसचे शंभर चेंडू मोजायला लावणे (हिरव्याचं अंडं साधारण तेवढंच), तीन दोऱ्यांनी मैदानात पुरलेला डबा शोधायला लावणे. हा शेवटचा खेळ खूप रंगतो आणि मुलं टेप ताणून धरायला मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. "अंडी खाऊ नका" हा धडा मात्र फसतो. ज्याच्या घरी अंड्यांवर पैसे येतात त्या मुलाला ते वाक्य घरच्यांवरची तक्रार वाटते. त्याऐवजी गस्तीचा पगार मिळणारा गावकरी वर्गात आणला तर मुलं प्रश्न विचारतात.

जेवण म्हणजे तीन वेळा भात आणि काळ्या घेवड्याचं काहीतरी. चालून जातं.

जूनच्या शेवटी आणि जुलैत नोंदवलेली घरटी ऑगस्टअखेर निघणाऱ्याच्या हातून उघडत नाहीत. ती उघडणाऱ्या पुढच्या माणसासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर झुडपांची खूण शब्दांत लिहा: पानाचा आकार, खोडावरचा डाग, किनाऱ्यावरच्या खुणेच्या खांबापासून किती पावलं. फीत उन्हात पांढरी पडते आणि पावसात गळते.