रजिस्टरचे आकडे कसे लिहावेत? हेक्स मास्क, शिफ्ट, बिट-जेनमास्क की स्ट्रक्ट

समजा, तुमची तीन-चार जणांची टीम कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गाळ्यात बसून शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान आणि वीजमीटरचे आकडे गोळा करणारा गेटवे बनवते आहे. बोर्डावर लिनक्स आहे, इथरनेटची चिप आहे. ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, चिपवाल्यानं दिलेला, नाहीतर जुन्या कर्नलमधून उचललेला. तो उघडला की चिपच्या रजिस्टरात, म्हणजे तिच्या बिटांच्या कप्प्यात, हेक्स आकडा (सोळाच्या पायाचा, सुरुवातीला ०एक्स) लिहिणाऱ्या अशा ओळी दिसतात:

राइट३२(टीसीटीएल, ०एक्स०००४०१०ए);

‘चालतंय की, हात कशाला लावायचा?’ हा इकडचा पहिला प्रश्न, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण चिप बाजारात मिळेनाशी झाली, तिची धाकटी बहीण बोर्डावर आली आणि साइटवर लिंक चढेना, की हा आकडा कुणाला तरी फोडावाच लागतो. तेव्हा तो कोणत्या रूपात लिहून ठेवलेला असावा, एवढाच इथला विषय आहे. एकच रजिस्टर घेतो आणि सगळे पर्याय त्याच्यावरच लावून बघतो.

हे रजिस्टर इंटेलच्या ८२५४एक्स घराण्यातलं, म्हणजे ई१००० ड्रायव्हरचं. निवडलं ते दोन कारणांसाठी. त्याचं मॅन्युअल सर्वांना खुलं आहे, आणि क्यूईएमयू हा एम्युलेटर या चिपची आयती नक्कल करून देतो, त्यामुळं कार्ड विकत न आणता लॅपटॉपवर खेळता येतं. टीसीटीएल म्हणजे पॅकेट पाठवण्याचं नियंत्रण, पत्ता ०एक्स४००. बिट १ (ईएन) पाठवणं चालू करतो. बिट ३ (पीएसपी) छोटं पॅकेट ६४ बाइटपर्यंत भरून काढतो. बिट ४ ते ११ मध्ये टक्कर झाल्यावर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा ते (सीटी) असतं, आणि १२ ते २१ मध्ये टक्कर ओळखण्याचं अंतर (कोल्ड). वरचा आकडा म्हणजे २, ८, ०एक्स१०० आणि ०एक्स४०००० यांची बेरीज. एवढं कळायला मॅन्युअलचं पान आणि वहीचा कागद, दोन्ही लागतात.

पर्याय बघताना मी एकच प्रश्न विचारतो: हा कोड वाचणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय असेल? डेटाशीट (चिपचं मॅन्युअल), की रजिस्टरचा डंप (चालत्या चिपमधून छापलेले आकडे)? पुढची सगळी तुलना त्यावर फिरते.

हेक्स मास्क

डिफाइन टीसीटीएल_ईएन ०एक्स०००००००२
डिफाइन टीसीटीएल_पीएसपी ०एक्स०००००००८
डिफाइन टीसीटीएल_सीटी ०एक्स०००००एफएफ०
डिफाइन टीसीटीएल_कोल्ड ०एक्स००३एफएफ०००

मास्क म्हणजे रजिस्टरातले नेमके कोणते बिट हवेत ते दाखवणारा आकडा. मूळ ई१००० ड्रायव्हरमध्ये हे असंच आहे. लोक याला नावं ठेवतात, पण याची एक बाजू भक्कम आहे. साइटवरच्या पोरानं सिरियल कन्सोलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि त्यात ०एक्स०००४०१०ए दिसलं, की हेडर (ही नावं ठेवलेली फाइल) शेजारी ठेवून नजरेनंच जुळवता येतं. हेक्सचा एक अंक म्हणजे चार बिट, त्यामुळं डंप आणि मास्क एकाच भाषेत बोलतात.

दोष शून्यं मोजण्यात आहे. एक शून्य जास्त पडलं की मास्क थेट चार बिट सरकतो आणि कम्पायलर चकार शब्द काढत नाही. डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं ‘२१:१२’, हेडरमध्ये ०एक्स००३एफएफ०००. हे दोन्ही एकच आहेत की नाहीत हे प्रत्येक तपासणाऱ्याला डोक्यात करून बघावं लागतं. ३२ बिटांच्या रजिस्टरात, शंभरभर ओळींच्या हेडरमध्ये, दुपारच्या जेवणानंतर हे कुणी इमानदारीनं करत नाही.

रजिस्टर ८ बिटांचं असेल तर मात्र हा दोष जवळजवळ उरत नाही. मायक्रोचिपची ईएनसी२८जे६० ही १० एमबीपीएसची एसपीआय चिप कॉलेजच्या प्रोजेक्टांत बऱ्याच जणांनी हाताळली असेल. तिच्या ईकॉन१ रजिस्टरात ०एक्स८० म्हणजे ट्रान्समिट रिसेट, ०एक्स४० म्हणजे रिसीव्ह रिसेट, ०एक्स०८ म्हणजे पॅकेट पाठव, ०एक्स०४ म्हणजे रिसीव्ह चालू. ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८० ही आठ रूपं एम्बेडेडमधल्या माणसाला पाढ्यासारखी पाठ असतात. ती बदलून काही हाती लागत नाही. माझ्या मते अशा हेडरला हातच लावू नये.

एकावर शिफ्ट

(१ << १), (१ << ३), आणि फील्डसाठी, म्हणजे बिटांच्या गटासाठी, (०एक्स१० << सीटी_शिफ्ट) | (०एक्स४० << कोल्ड_शिफ्ट). म्हणजे आकडा तेवढे बिट डावीकडे सरकवायचा. एमआयटीच्या एक्सव्ही६ (शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) अभ्यासक्रमात विद्यार्थी ई१०००चा ड्रायव्हर लिहितात, तिथं ही रचना भेटते. याला कोणतंही खास हेडर लागत नाही. यू-बूट हा बूटलोडर असो, ऑपरेटिंग सिस्टीमशिवायचं बेअर-मेटल फर्मवेअर असो, साधं सी असलं की झालं. तोच कोड मायक्रोकंट्रोलरवरही न्यायचा असेल तर हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

पण मास्क आणि शिफ्ट हे दोन वेगळे आकडे झाले, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे बघणारं कुणी नाही. किंमत फील्डपेक्षा मोठी झाली तर ती शेजारच्याच्या दारात सांडते: सीटी हे फील्ड ८ बिटांचं, त्यात चुकून ०एक्स१०० घातलं तर बिट १२ लागतो, आणि तो कोल्डचा पहिला बिट. शिवाय (१ << ३१) हे सी भाषेच्या नियमांनुसार चिन्हासहित पूर्णांकाच्या बाहेर जातं. ‘१यू’ लिहून ते टळतं, पण लिहायचं राहून जातं.

बिट, जेनमास्क आणि फील्ड_प्रेप

डिफाइन टीसीटीएल_ईएन बिट(१)
डिफाइन टीसीटीएल_पीएसपी बिट(३)
डिफाइन टीसीटीएल_सीटी जेनमास्क(११, ४)
डिफाइन टीसीटीएल_कोल्ड जेनमास्क(२१, १२)

आणि वापरताना:

टीसीटीएल_ईएन | टीसीटीएल_पीएसपी | फील्ड_प्रेप(टीसीटीएल_सीटी, १६) | फील्ड_प्रेप(टीसीटीएल_कोल्ड, ६४)

हे कर्नलचे मॅक्रो आहेत: बिट(१) म्हणजे तो एकच बिट, जेनमास्क(११, ४) म्हणजे बिट ११ ते ४ चा मास्क, आणि फील्ड_प्रेप किंमत सरकवून मास्कच्या जागी बसवतं. लिनक्सवरच्या ३२ बिटी चिपसाठी मी हाच पर्याय निवडेन. डेटाशीटमध्ये ‘११:४’, कोडमध्ये (११, ४). बोट ठेवून ओळीला ओळ जुळवता येते. शिफ्टचा वेगळा आकडा लिहायचाच नाही. तो मास्कवरून कम्पायलर काढतो, आणि तेही बिल्ड होताना, म्हणून चालत्या कोडवर त्याचा भार नाही. फील्ड_प्रेप आणि त्याच्या उलट, फील्डची किंमत वाचून देणारं फील्ड_गेट ज्या हेडरमध्ये आहेत ते २०१६ साली कर्नल ४.९ मध्ये आलं. त्याहून जुना बीएसपी (बोर्डासोबत मिळालेला कर्नलचा संच) गळ्यात असेल तर ते हेडर तिथं मिळणार नाही, हे आधी बघा.

वाचायला सोपं हे झालंच, पण माझ्यासाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे हे चुका पकडतं. जेनमास्क(४, ११) असं उलटं लिहिलं तर बिल्डच तुटतं. स्थिर किंमत फील्डमध्ये मावत नसेल तरी बिल्ड तुटतं. वरच्या पर्यायातली ती सांडासांड इथं टेबलावरच थांबते. किंमत मात्र चालताना ठरणारी असेल तर फील्ड_प्रेप जास्तीचे बिट मुकाट्यानं कापतं. तिथं आधी किंमत मावते का ते सांगणारं फील्ड_फिट लावून बघायचं.

१६ आणि ६४ दशमानात का, असं कुणी विचारेल. ती मोजमापं आहेत: १६ प्रयत्न, ६४ बाइटांचा वेळ, म्हणजे इथरनेटचा ५१२ बिटांचा स्लॉट. मोजायची गोष्ट दशमानात, बिटांचा साचा हेक्समध्ये, एवढा भेद पाळला तरी अर्धा ड्रायव्हर बोलायला लागतो. (आजच्या स्विचवर सगळं फुल-डुप्लेक्स, म्हणजे पाठवणं-घेणं एकाच वेळी असतं, टक्करच होत नाही, त्यामुळं सीटीची किंमत बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी चुकीचे आकडे वर्षानुवर्षं सुखानं नांदतात.)

आता याच्या खोड्या. सर्वांत वाईट खोडी जुन्या कोडवरून रूपांतर करताना निघते. ई१०००च्या स्टेटस रजिस्टरात बिट ६-७ वेग सांगतात आणि जुन्या हेडरमध्ये १००० एमबीपीएससाठी किंमत ०एक्स८० अशी आधीच सरकवून लिहिलेली आहे. तुम्ही हौसेनं फील्ड_गेट(जेनमास्क(७, ६), स्टेटस) केलं, तर हातात २ येतं. ते ०एक्स८० शी कधीच जुळणार नाही. कम्पायलर सहसा गप्प, आणि ड्रायव्हर गिगाबिटच्या लिंकला गिगाबिट म्हणून ओळखतच नाही. लिहिण्याच्या बाजूला हीच चूक फील्ड_प्रेप पकडतं. वाचण्याच्या बाजूला कुणी पकडत नाही. म्हणून मास्क बदलला की त्याच्या किंमतींची नावंही त्याच वेळी बदलायची, ‘नंतर करू’ नाही.

दुसरी खोडी तुकड्यातुकड्यांच्या फील्डची. पीएचवायचं, म्हणजे तारेशी बोलणाऱ्या भागाचं, मूळ नियंत्रण रजिस्टर, बीएमसीआर, घ्या. त्यात वेग दोन बिटांत असतो, पण ते शेजारी नाहीत: एक बिट ६, दुसरा बिट १३. दोन्ही शून्य असतील तर १०, फक्त १३ लावला तर १००, फक्त ६ लावला तर १००० एमबीपीएस. आधी १० आणि १०० साठी एकच बिट पुरत होता, गिगाबिट आल्यावर दुसरा जिथं जागा मिळाली तिथं बसवला. याला जेनमास्क लागू होत नाही, आणि तुटका मास्क दिला तर फील्ड_प्रेप बिल्ड पाडतं. इथं सरळ नावं दिलेली बरी, आणि कर्नलनं तेच केलं आहे. ०एक्स११४० असा आकडा दिसला तर तो ऑटो-निगोसिएशन चालू, फुल-डुप्लेक्स आणि १०००. तीन नावं ‘|’ नं जोडली की काम झालं. ही नावं ज्या हेडरमध्ये आहेत ते कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांनाही दिलं जातं, म्हणून तिथं साधे हेक्स मास्कच आहेत. कर्नलच्या आतला ‘बिट’ मॅक्रो तिथं चालत नाही. तुमचंही हेडर बाहेरच्या टूलला द्यायचं असेल तर हे लक्षात असू द्या.

तिसरी खोडी डंपची. फोटोत ०एक्स०००४०१०ए आणि हेडरमध्ये जेनमास्क(२१, १२): इथं हेक्स मास्क जिंकतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय ड्रायव्हरमध्ये करावा. डीबगएफएसमध्ये (डीबगसाठी कर्नलनं दिलेली फाइलींची जागा) फील्ड फोडून छापणारी एक फाइल द्या, किंवा नेटवर्क कार्ड तपासणाऱ्या ‘ईथटूल -डी’ ला डंप देण्याची सोय करा. साइटवरच्या पोराला हेक्स वाचायला लावण्यापेक्षा ‘पाठवणं: चालू’ असं दिसणं कधीही चांगलं.

स्ट्रक्टमधले बिट-फील्ड

टीसीटीएल.सीटी = १६; दिसायला याच्याइतकं देखणं काही नाही, आणि नवीन आलेला इंजिनिअर हमखास हेच सुचवतो. हार्डवेअरच्या रजिस्टरांसाठी हे करू नका. बिट कोणत्या टोकापासून मांडायचे हे सी भाषेचं मानक ठरवत नाही, ते कम्पायलरवर सोडतं. कर्नलच्या आयपी हेडरच्या स्ट्रक्टमध्ये आवृत्ती आणि हेडर-लांबी ही दोन चार-बिटी फील्ड लिटल-एंडियन आणि बिग-एंडियन (बाइट मांडण्याच्या दोन पद्धती) यांसाठी दोनदा, उलटसुलट लिहावी लागली आहेत ती यामुळंच. आणि असं स्ट्रक्ट थेट रजिस्टरच्या पत्त्यावर टेकवलं तर प्रत्येक फील्डची नेमणूक म्हणजे हार्डवेअरवर वेगळं वाचन-लेखन होऊ शकतं. ई१०००चं इंटरप्ट-कारण रजिस्टर वाचलं की पुसलं जातं; अशा ठिकाणी एक फालतू वाचन म्हणजे एक हरवलेला इंटरप्ट.

जाता जाता: रियलटेकच्या ८१३९ आणि ८१६९ च्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टरांचे पत्ते इनममध्ये (सी भाषेतली नाव-आकड्यांची यादी) आहेत. फायदा एवढाच की डीबगरला नावं दिसतात. डिफाइनची नावं साध्या डीबग माहितीत उरत नाहीत. पत्त्यांसाठी इनम चांगला. बिटांसाठी नको, बिट ३१ ला तिथंही कटकट होते.

मग काय करावं

ड्रायव्हर फक्त तुमच्याच घरात राहणार असेल तर एकदम सगळं बदलू नका. ज्या रजिस्टरला बगसाठी हात लागेल ते तेव्हाच बदला. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइल बनवून दोन्हींचा ‘ऑब्जडंप -डी’ (मशीन कोड वाचता येईल असा छापणारं टूल) काढा आणि डिफ लावा. नुसती नावं बदलली असतील तर मशीन कोड तसाच राहायला हवा. ओळींचे क्रमांक हलले तरी डिसअसेंब्ली हलता कामा नये. फरक दिसला तर तुमचं रूपांतर चुकलं आहे, किंवा जुना कोड चुकलेला होता. दुसरं निघालं तर तो वेगळा पॅच.

मुख्य कर्नलला पाठवायचं असेल तर हिशेब वेगळा. ‘चेकपॅच’ला (पॅचची लिहिण्याची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) स्ट्रिक्ट लावलं की ते बिट मॅक्रो वापरा म्हणून सुचवतं, आणि पहिला पॅच शोधणाऱ्या मुलांना ते आयतं काम वाटतं. नेटवर्क विभागाच्या नियमावलीत मात्र स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्या कामाशी संबंध नसलेली नुसती साफसफाई, चेकपॅचच्या इशाऱ्यांसकट, तिथं नको असते. त्यामुळं साडेतीनशे ओळींचा ‘हेक्सऐवजी बिट’ पॅच एकटा पाठवू नका. त्या चिपमध्ये एखादी नवी सोय जोडताय, तर मालिकेतला पहिला पॅच फक्त त्याच रजिस्टराच्या नावांचा ठेवा, मशीन कोड बदलत नाही हे त्याच्या वर्णनात लिहा, आणि दुसऱ्या पॅचमध्ये ती नावं वापरून खरं काम करा.