निळी रेष झेरॉक्समध्ये काळी दिसते

गावाचं नाव लिहीत नाही, एजंटाचंही नाही. दावा चालू आहे, वकिलांनी तसं बजावलंय. कृष्णाकाठ एवढं पुरे. आकडे मात्र लिहितो, कारण खरी लाज तिथेच आहे. दोन गुंठ्यांचा प्लॉट 14,80,000. मुद्रांक, नोंदणी, लिहिणावळ 1,08,600. दलाली 29,600. वॉल कंपाउंड 86,000, बोअर 74,500. एकूण 17,78,700 रुपये. आणि त्या जागेत मला साधी एक खोलीसुद्धा बांधता येत नाही, कारण ती निळ्या पूररेषेच्या आत आहे, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यात, जिथे बांधकामाला बंदी आहे.

'एवढंही कळलं नाही का?' हे मला आतापर्यंत मेहुण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. मी पतसंस्थेत कर्जविभागात 26 वर्षं काढली. लोकांचे सातबारे, फेरफार, बोजे बघण्यात डोळे गेले. इथला सातबारा स्वच्छ होता, एन.ए.चा, म्हणजे बिगरशेतीचा, आदेश खरा होता, सर्च रिपोर्टमध्ये काही नव्हतं. म्हणूनच तर गाफील राहिलो. यातल्या एकाही कागदावर पूररेषेचा शब्द नव्हता. एन.ए. जुना, रेषा नंतर आखलेली. मी काय स्वप्नात बघायचं होतं?

नकाशा एजंटाने दाखवला होता, हेही कबूल करतो. झेरॉक्स. प्लॉट आणि डांबरी रस्ता यांच्या मधून एक जाड वाकडी रेष गेलेली. "ही काय?" म्हटलं. "डीपी रस्ता हाय साहेब, झाला की भाव डबल." मूळ नकाशावर ती रेष निळी आहे, पलीकडची लाल. झेरॉक्समध्ये दोन्ही काळ्या. नकाशा रंगीतच मागा, आणि एजंटाकडून नको, कार्यालयात जाऊन स्वतः बघा.

पण नकाशाचं सोडा. खरा क्षण वेगळा होता आणि तो आठवला की अजून झोप लागत नाही.

मे 2023. भर उन्हात आम्ही दोघं जागा बघायला गेलो. नवा पिवळा मुरूम, चुन्याच्या फक्क्या मारलेल्या, कोपऱ्यात दगड. मागच्या बांधावर जुनी बाभळ. ही तिच्याकडे बघत म्हणाली, "एवढ्या उंचावर चिंध्या कुणी बांधल्या?" बघितलं तर माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांच्या बेचक्यात उसाचं पाचट, खताच्या पोत्याचे तुकडे, साडीचा काठ, सगळं एका पातळीत आणि सगळं एकाच दिशेला वळलेलं. "वाऱ्यानं अडकलंय वहिनी," एजंट म्हणाला. आणि मी, कृष्णाकाठी जन्मलेला माणूस, हिला म्हणालो, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे." वारा कुठे एका पातळीत चिंध्या लावतो? त्यापेक्षा शेजारच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवरची गाळाची रेघ जरी बघितली असती!

2019 ला पाणी आलं होतं का, हे विचारलं होतं बरं का. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. "रस्त्यापतूर आलंतं, आत न्हाई. आन् आता साडेचार फूट भराव टाकलाय की." अहो, रस्ता उंच आणि प्लॉट खाली, मग पाणी रस्त्यापर्यंत येऊन आत आलं नाही म्हणजे काय झालं? हे मला घरी जेवताना सुचलं. विसाराचे 1,00,000 देऊन आल्यावर.

कर्ज काढतो म्हटलं तर "महिना जाईल, तवर दुसरं गिऱ्हाईक" म्हणाला. मी फंडाचे पैसे मोडले. गरज नसली तरी बँकेत अर्ज टाका; त्यांचा वकील आणि व्हॅल्युअर तुमच्यापेक्षा जास्त संशयी असतो.

बांधकाम परवाना मागितला तेव्हा एका ओळीत उत्तर आलं. मग कळलं: निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. नदी ते निळी निषिद्ध. निळी ते लाल अटींवर, जोतं लाल रेषेच्या वर घेऊन. आणि '25 वर्षांतून एकदा' म्हणजे पुढची 25 वर्षं निवांत, असं नाही. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता. 2019 नंतर 2021 ला परत आलाच की.

आता साहेबलोकांचं ऐका. रेषा आखणारे म्हणाले, आम्ही फक्त आखतो, परवाना तिकडे. परवानावाले म्हणाले, आम्ही कुठे विकायला सांगितलं? दस्त नोंदवणारे म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, जागा तपासत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, तर 'नकाशा कार्यालयात पाहण्यास उपलब्ध आहे'. पोलीस ठाण्यात चार तास बसवून 'हे दिवाणी स्वरूपाचं आहे', आणि खरेदीखतातलं माझ्याच सहीचं वाक्य मला वाचून दाखवलं: 'जागेची समक्ष पाहणी करून समाधान झाल्यावर.' केंद्राने पूरक्षेत्रात काय बांधावं याच्या कायद्याचा नमुना 1975 साली राज्यांना पाठवला होता. मोजक्या राज्यांनी कायदे केले. आमच्याकडे परिपत्रकं आणि नियमावल्या आहेत, पण प्लॉट विकला जातो त्या दिवशी त्या शेतात एकही माणूस उभा नसतो. एक पाटी लावा म्हटलं, तर तरतूद नाही म्हणे!

2024 च्या जुलैत ओढ्याला फुगवटा आला. माझ्या मुरमावर जेमतेम घोटाभर पाणी. पण पलीकडच्या जुन्या वस्तीतल्या म्हातारीच्या गोठ्यात मांडीएवढं. "तुमच्या भरावानं आलं ह्ये," ती म्हणाली. "आमच्यात असल्या पाण्याला कधी येत न्हवतं." पाणी पसरायची जागा बुजवली, ते तिच्याकडे वळलं. भराव मी टाकला नव्हता. अजून फूटभर टाकून द्या असं मात्र मीच सांगितलं होतं.

विसार देण्याआधी पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तेही एजंट बरोबर नसताना.

गेल्या महिन्यात त्याच एजंटाचा फोन. दावा मागे घ्या, प्लॉट 12,00,000 ला घालवून देतो, पुण्याची पार्टी आहे, झेरॉक्स दाखवतो. मी नाही म्हणालो. पण नाही म्हणायला मला दोन दिवस लागले.