बार्बाडोसच्या नावाखाली 4,93,000 रुपये गेले

लिहायला लाज वाटते, कारण मी स्वतः 21 वर्षं बँकेत होतो. तरी लिहितोय. परवा ओळखीतल्या एकांनी जमैकाच्या पॅकेजबद्दल विचारलं. एजंट वेगळा, बोलणं तंतोतंत तेच.

2024 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. 20 जूनला भारताची सुपर एटची मॅच, 29 ला फायनल, दोन्ही बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाऊनमध्ये, केन्सिंग्टन ओव्हलवर. धाकट्या भावाला घेऊन जायचं होतं. मॅचची तिकिटं आम्हीच काढली, तेवढी खरी निघाली. बाकी सगळं ठाण्याच्या एजंटकडे. रीतसर ऑफिस होतं हो, रस्त्यावरचा माणूस नव्हता! विमान 3,12,000, 11 रात्रींची खोली 1,44,000 आणि 'बार्बाडोस व्हिसा' माणशी 18,500.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला 90 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. न्यूयॉर्कमार्गे जायचं म्हणून अमेरिकेचा लागतो, तो आमच्याकडे होता. बेटाचा वेगळा असेल असं धरून चाललो. तुम्ही धरून चालू नका, त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

1,50,000 दिले, मग 2,50,000. शेवटचे 93,000 देताना तो म्हणाला, "साहेब, करंट अकाउंटचं लिमिट संपलंय, या खात्यात टाका." कुणा बाईंच्या नावाचं बचत खातं. ते नाव मी माझ्या हातानं, एकेक अक्षर टाइप केलं. बोट थांबलं होतं. काउंटरवर बसून ज्यांना-त्यांना सांगायचो, कंपनीचे पैसे खासगी खात्यात भरू नका. तेच केलं. पण त्याच सकाळी पीएनआर आला होता, एअरलाइनच्या साइटवर आमची दोघांची नावं दिसत होती. कोण संशय घेईल?

पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. सीट नुसती धरून ठेवता येते, पैसे भरले नाहीत की आपोआप सुटते. 13 आकडी तिकीट नंबर मागा. चौथ्या दिवशी आमचा पीएनआर गायब. आठ दिवस "इश्यू होतंय", मग फोन बंद. हॉटेलला मेल केला तर आमच्या नावाचं बुकिंगच नाही. हा मेल पैसे देण्याआधी करायचा असतो.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, बाराव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. संशय आला त्याच तासाला करा. पोलीस चौकीत म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोरचा व्यवहार आहे, हा सायबर गुन्हा नाही. मग ऑफिस ठाण्यात, तुम्ही पुण्यात, आमची हद्द नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असो, तक्रार इथेच नोंदवा, म्हटलं तर साहेब हसले. "एवढे शिकलेले तुम्ही!" हे वाक्य तीन टेबलांवर ऐकलं. शिकलेल्या माणसाची तक्रार घ्यायची नसते का? बँकेचं एकच, ओटीपी तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय, नुसत्या तारखा पडतायत.

29 जूनच्या रात्री भारत 7 धावांनी जिंकला. गल्लीत फटाके वाजत होते आणि भाऊ फोनवर मॅचची तिकिटं उघडून बसला होता, आमच्या स्टँडचं नाव टीव्हीवर दिसतंय का बघत. एफआयआरची प्रत अजून हातात नाही.