पेठेतली फोटो लॅब, आठ बाय बाराचे प्रिंट आणि एक लाईट बिल

गेलं दीड वर्ष आमच्या फोटोंच्या उद्योगाचे सगळे प्रिंट मी पुण्यात पेठेतल्या एकाच लॅबमधून काढतोय, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू. दुकानाचं नाव देत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे आणि मला तिथं परत जायचंय.

आमचा उद्योग म्हणजे काय, तर मी दर महिन्याला एक विषय देतो, उंबरा, सायकल, असलं काहीतरी, आणि माझे फोटो बघणारी मंडळी आपापले फोटो पाठवतात. सुरुवातीला नुसतं "मस्त", "अप्रतिम", अंगठा, विषय संपला. मग एकदा सहज जाहीर केलं की निवडलेल्या फोटोचा आठ बाय बारा इंचांचा प्रिंट पोस्टाने घरी येणार, आणि लोक एकदम जागेच झाले. सोलापूरच्या एका काकूंना मी दोन महिने विनवत होतो की फोटो कसा काढला ते चार ओळीत लिहा, त्यांनी प्रिंट हातात पडल्यावर स्वतःहून फोन करून वीस मिनिटं सांगितलं, त्यात शेजारणीची मांजर पण आली. आता एवढं झाल्यावर प्रिंट फालतू देऊन कसं चालेल.

तर लॅब. काउंटरवर एक ताई बसतात, खरं तर हा रिव्ह्यू त्यांचाच आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच्या आजोबांचा फोटो दिला, ताईंनी एकदा झूम केला आणि म्हणाल्या, "दादा, हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय ना?" आला होताच. साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, ती १२ इंचांवर पसरली की इंचाला जेमतेम १३३ पडतात, आणि चांगल्या प्रिंटला ३०० धरतात, म्हणजे आठ बाय बाराला २४०० बाय ३६०० पाहिजे. चार बाय सहाला, ज्याला लॅबवाले मॅक्सी म्हणतात, तोच फोटो चालून जातो, पण मोठा केला की आजोबांच्या मिशा वितळलेल्या दिसतात (ताईंनी स्क्रीनवर दाखवल्या, खरंच वितळल्या होत्या). "डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा", एवढं बोलून त्यांनी ऑर्डरच घेतली नाही. हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं.

दुसरी गोष्ट कापाकापीची. कॅमेऱ्याच्या फोटोचं लांबी-रुंदीचं प्रमाण बहुतेक वेळा ३:२ असतं, तो मॅक्सी, आठ बाय बारा, बारा बाय अठरा यात अख्खा बसतो, पाच बाय सात किंवा आठ बाय दहा सांगितलं की मात्र कडा जाणार. मोबाईलचा ४:३, तो आठ बाय बाराच्या कागदावर १२ इंच रुंद ठेवला तर उंची ९ येते, म्हणजे एक इंच उडवावाच लागतो नाहीतर पांढरी पट्टी सोडावी लागते. बाकीचे लॅबवाले मधोमध ठेवून कापून मोकळे होतात, ह्या ताई फोन करून विचारतात, "पाय कापू का आकाश?" तोच प्रश्न मी फोटोसकट आमच्या लोकांपुढे टाकला तर काय राडा झाला म्हणून सांगू, वर्षभर एक शब्द न बोललेली माणसं आकाशासाठी भांडत होती. तेव्हापासून मी "फोटो कसा वाटला" विचारणं बंद केलंय, कुठून कापू तेवढंच विचारतो.

आता कुरकुर. ताई सुट्टीवर असल्या की जो मुलगा बसतो तो सगळं ऑटो करेक्शनवर सोडतो. दिवेघाटातला पहाटेच्या धुक्यातला वारीचा फोटो होता, मशीनला वाटलं अंधार झालाय, प्रिंटमध्ये वारकरी भर दुपारी बारा वाजता चाललेले. परत काढून दिला, पैसे घेतले नाहीत, पण हेलपाटा माझाच. कारवीचा फोटो पण जांभळ्याऐवजी फिकट गुलाबी आला, पण त्यात दोष निम्मा माझा, फाईलमध्ये रंग नोंदवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, मी फाईल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये दिलेली आणि तिथं एसआरजीबी लागते, आणि तसंही तो निळसर जांभळा कागदावर नीट उतरवणं अवघडच असतं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या फुलाचं असं झालं की जीव हळहळतो राव.

कागद ग्लॉसी नको, मॅट घ्या, पावसाळ्यात ग्लॉसी फ्रेमच्या काचेला चिकटतो. रेट शेजारच्यापेक्षा थोडा जास्त आहे, मला पटतो. पॅकिंग मात्र भिकार, पातळ पाकीट देतात, मी आत शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घालून पोस्टात टाकतो. पार्किंगबद्दल काय बोलायचं, पेठ आहे.

आणि हो, पेनड्राईव्हमध्ये फक्त प्रिंटचेच फोटो ठेवून न्या. मी एकदा घाईत "यातले सगळे" म्हणून निघून आलो, संध्याकाळी पाकीट उघडलं तर वारी, कारवी, उंबरे आणि मध्येच आमच्या लाईट बिलाचा स्क्रीनशॉट, मॅक्सी साईज, ग्लॉसीमध्ये. रंग एकदम बरोबर आलेत.