मोगली लावू की डोरेमॉन? मुलांसाठी जुनं आणि नवं ताडून पाहताना

दिवाळीच्या सुट्टीत दहा वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला. घरात सहा वर्षांची मुलगी होतीच. मी एक उद्योग काढला. ज्या मालिकांच्या आठवणींनी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उमाळे येतात, त्या यूट्यूबवर शोधायच्या आणि दोघांना रोज एक भाग दाखवायचा. बदल्यात त्यांच्या आवडीचं काहीतरी मी त्यांच्याशेजारी बसून, फोन हातात न घेता, पूर्ण पाहायचं. ही अट मीच घातली होती आणि तीच मला सगळ्यात जड गेली.

तोवर मीही "आमच्या वेळी काय एकेक मालिका होत्या" म्हणणाऱ्यांपैकीच होतो. पंधरा दिवसांत माझी यादी चांगलीच उलटीपालटी झाली. घरात चार ते दहा वर्षांचं मूल असेल आणि काय दाखवावं हा घोळ चालू असेल, तर आमच्या सोफ्यावरचा हा हिशेब उपयोगी पडेल.

सुरुवात अर्थातच मोगलीने केली. चड्डी आणि फूलवालं गाणं सुरू झालं, माझ्या अंगावर काटा आला, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, स्किपचं बटण कुठाय?" गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजचं संगीत, सगळं सांगून झालं, तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पण दहा मिनिटांत दोघंही पुढे सरकून बसले. शेरखान बोलायला लागला तसा भाचा ओरडला, "अरे, हा तर नाना पाटेकर!" पुढचे दोन दिवस घरात सगळे त्याच आवाजात पाणी मागत होते. जंगलात शिकार आहे, भीती आहे, कळपातली भांडणं आहेत, आणि ती मुलांपासून लपवलेली नाहीत. मुलीने दोनदा माझा हात घट्ट धरला, पण उठून गेली नाही. चित्र धुरकट आहे, कारण यूट्यूबवरचे बरेच भाग कुणीतरी जुन्या टेपवरून चढवलेले दिसतात. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. मोगली पास, पाच वर्षांपासून पुढे बिनधास्त लावा.

तेव्हाच एक गोष्ट मला खटकली. मोगली आपला, मातीतला, आणि डोरेमॉन-शिनचॅन म्हणजे कुठलं ते जपानी खूळ, असं आपण बोलून जातो. मोगलीची ती मालिका जपानीच आहे. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये तिचे ५२ भाग काढले, आपल्याकडे ती हिंदीत १९९३ साली आली. जपानी टीव्हीवर डोरेमॉन तर १९७९ पासून ठाण मांडून आहे. भारतात हिंदी बोलायला लागला २००५ साली. म्हणजे वयाने डोरेमॉनच थोरला. आपल्याला 'जुनं' वाटतं ते बहुतेक वेळा आपण लहान असताना पाहिलेलं असतं, एवढंच.

भाषेचंही तसंच. "तेव्हाच्या मालिकांमुळे मराठी तरी कानावर पडायचं" असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं आणि आम्ही पंधरावीस जणांनी अंगठे उंचावले होते. आता शांतपणे आठवून पाहा. मोगली हिंदी, मालगुडी हिंदी, शक्तिमान हिंदी, डकटेल्समधला अंकल स्क्रूजही हिंदीच. मराठीत मुंबई दूरदर्शनवरचं 'किलबिल' होतं, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची 'गोट्या' होती, आणि पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरून येणारी 'बालचित्रवाणी' होती. ती संस्था १९८४ ला सुरू झाली आणि २०१७ ला बंद पडली, तेव्हा हळहळणाऱ्यांत किती जणांनी तिचा एखादा भाग शेवटपर्यंत पाहिला होता देव जाणे. मी तर तिची धून लागली की दूध प्यायला उठायचो. आज माझी मुलगी बाहुल्यांशी खेळताना हिंदीत बोलते याचा मला त्रास होतो. मीही गोट्या खेळताना हिंदीतच डायलॉग मारायचो, असं आईने आठवण करून दिल्यावर गप्प बसलो. मराठीसाठी जुनं दाखवत असाल तर त्यातून फार काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा रात्री पुस्तक वाचून दाखवा, किंवा ज्या वाहिनीवर मराठी आवाजाचा पर्याय असेल तिथे आठवणीने तो निवडा. रिमोटवरचं ते बटण बहुतेक घरांत कुणी दाबलेलंच नसतं.

'मालगुडी डेज'वर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता. १९८६ ची मालिका, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंब्यात केलेलं चित्रीकरण, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. मुलगी सातव्या मिनिटाला उठून गेली. "यात काहीच होत नाही" हा तिचा निकाल, आणि सहा वर्षांच्या मानाने तो चुकीचा नाही. भाचा मात्र राहिला. गोष्टीतला स्वामी नावाचा मुलगा शाळा आणि घर या दोन भीतींच्या मधे उभा राहून काहीतरी थाप मारतो आणि ती अंगाशी येते, तेव्हा भाचा इतका गप्प झाला की मी तिरक्या नजरेने पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, आमच्या वर्गातपण असं झालं होतं." काय झालं होतं ते त्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं. आठ वर्षांखालच्या मुलांना मालगुडी दाखवू नका, फुकट जाईल आणि तुमचं मन दुखेल. वरच्यांना दाखवा, पण सोबत बसून. वडिलांना एवढं का घाबरायचं, मिशनरी शाळा म्हणजे काय, हे प्रश्न येणारच.

शक्तिमानचं काय करायचं? थोडक्यात सांगतो: राहू द्या. १९९७ साली आम्ही त्याच्यासाठी वेडे होतो, चादर बांधून गरगर फिरून कपाळमोक्ष करून घेतलेले निदान दोघे आमच्याच गल्लीत होते. उंचावरून उड्या मारू नका असं कार्यक्रमातूनच मुलांना बजावून सांगावं लागायचं, एवढं त्याचं खूळ होतं. पण आता तो पाहवत नाही. लांबण फार, आणि भाग संपल्यावर शिकवण वेगळी. भाचा 'सॉरी शक्तिमान'वर खो खो हसला, पण ते हसू आपल्याला हवं होतं ते नव्हे.

आता त्यांची यादी. छोटा भीम मी आजवर स्वयंपाकघरातून नुसता ऐकला होता, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा, २००८ पासून पोगोवर चालू असलेला. बसून पाहिल्यावर वाटलं, इतका काही वाईट नाही. फक्त भीम कधी हरतच नाही, आणि लाडू खाल्ला की प्रश्न मिटतो. तीन भाग पाहिलेत तर तीसही पाहिल्यासारखेच. त्याच कंपनीचा 'मायटी लिटल भीम' मात्र मला मनापासून आवडला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. भीम रांगतं बाळ आहे आणि कुणी एक शब्द बोलत नाही. शब्दच नसल्यामुळे पाहणारं मूल स्वतः बोलतं. मुलगी अख्खा भागभर सांगत होती, "आता तो वर चढणार, आता आई येणार." तीन-चार वर्षांच्या मुलासाठी नव्यातलं काही निवडायचं असेल तर हे पहिलं.

मोटू-पतलू पाहताना माझं डोकं उठलं. धावाधाव, आदळआपट, किंचाळ्या, समोसा, पुन्हा धावाधाव. पोरं मात्र हसून लोळत होती, आणि हसणं काही गुन्हा नाही. गंमत अशी की हे दोघे 'लोटपोट' मासिकातून आलेत, म्हणजे तेही जुनेच. टीव्हीवर २०१२ ला आले, तेव्हा वेग वाढला.

वेगाबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली चार वर्षांची ६० मुलं घेतली. काहींना ९ मिनिटं स्पंजबॉब हे वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ, घरगुती गोष्टी सांगणारं कार्टून, आणि काहींना नुसते रंग-कागद दिले. त्यानंतर लगेच लक्ष देणं, थांबणं, सूचना पाळणं अशा छोट्या चाचण्या घेतल्या. स्पंजबॉबवाली मुलं मागे पडली. त्यात दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होतं, संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. हा परिणाम लगेचचा मोजलेला होता. पुढे किती टिकतो हे त्यांनी तपासलं नव्हतं. म्हणून घाबरू नका, पण अभ्यासाला किंवा जेवायला बसवण्याच्या आधी मोटू-पतलू लावू नका, एवढं मी यातून घेतलं. आमच्याकडे आता तो संध्याकाळी खेळून आल्यावर लागतो.

आणि 'ब्लूई'. ऑस्ट्रेलियात २०१८ ला सुरू झालेली, कुत्र्यांच्या एका कुटुंबाची मालिका, सात मिनिटांचा एक भाग. नाखुशीनेच बसलो होतो. एका भागात घरातला शेवटचा फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही एवढाच खेळ आहे. बाप मुद्दाम खेळ अवघड करत जातो, पोरी जिवाच्या आकांताने फुगा उडवत राहतात. खलनायक नाही, शिकवण नाही. संपल्यावर मुलीने टीव्ही स्वतः बंद केला आणि कपाटातला फुगा काढून आणला. पंधरा दिवसांत असं एकदाच घडलं. जुन्या यादीत या तोडीचं मला काही सापडलं असेल तर ते विजया मुळ्यांचं 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ मध्ये केलेली चिमण्यांची ती चित्रफीत, तीही जेमतेम सात मिनिटांचीच. मुलगी ती रोज लावायला सांगते. ब्लूईची खरी अडचण भाषेची आहे. मूळ इंग्रजी आहे, उच्चार ऑस्ट्रेलियन, आणि अर्ध्या गमती बोलण्यातल्या आहेत. मूल मराठी माध्यमात असेल तर शेजारी बसून सांगावं लागतं. मी सांगतो, आणि खरं म्हणजे मलाही पाहायचं असतं.

प्रयोगात एक चूक माझ्याकडून झाली आणि तिनेच जास्त शिकवलं. एका दुपारी झोप आली म्हणून मोगलीचे भाग एकामागून एक चालू ठेवून मी आडवा झालो. उठलो तेव्हा पाचवा भाग चालू होता. दोघांचे डोळे काचेसारखे, बंद कर म्हटल्यावर आरडाओरडा, जेवणाच्या वेळी चिडचिड. म्हणजे मोटू-पतलूवर मी जे खापर फोडत होतो ते सगळं, आणि तेही सोन्यासारख्या मोगलीने केलेलं. आमच्या लहानपणी मोगलीचा भाग अर्ध्या तासात संपायचा आणि पुढचा थेट पुढच्या रविवारी. मधले सहा दिवस आम्ही मोगली खेळायचो. आजी तरीही म्हणायचीच, "त्या डबड्यासमोर बसून डोळे फुटतील." ते संयमाचं वळण आमचं नव्हतं आणि दिग्दर्शकाचंही नव्हतं. दूरदर्शनच्या वेळापत्रकाने ते लावलं होतं.

ते वेळापत्रक आता घरीच करावं लागतं. ऑटोप्ले बंद करा, मग मालिका कुठलीही असो. यूट्यूब किड्समध्ये शोध बंद करता येतो, वेळ लावता येते, आणि फक्त आपण निवडलेलंच दिसेल अशी सोयही आहे. अर्धा तास बसून एकदा यादी भरा. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचं म्हणणं आहे की दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखत. एक तास म्हणजे ब्लूईचे आठ भाग होतात किंवा मोगलीचे दोन. आठ वेळा थांबवून "आता पुढचा नको" म्हणायची ताकद तुमच्यात नसेल, माझ्यात नाही, तर लांब भागांची जुनी मालिका सोयीची पडते. एक भाग, पाणी, बंद.

सगळ्यात अनपेक्षित निकाल लागला तो 'विक्रम और बेताल'चा. १९८५ ची रामानंद सागरांची मालिका, अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. पुठ्ठ्याचं स्मशान आणि बेतालाचे पांढरे केस पाहून मीच ओशाळलो होतो, वाटलं पोरं टर उडवतील. उडवलीच. पण गोष्टीच्या शेवटी बेतालाने प्रश्न विचारला आणि भाच्याने स्क्रीन थांबवायला लावली. दोघं तावातावाने भांडले, खरा दोषी कोण म्हणून. मग मुलीने विचारलं, "राजाला माहितीये ना, बोललं की तो उडून जातो? मग दर वेळी बोलतो कशाला? वेडा आहे का?" याचं उत्तर मला देता आलं नाही. एवढ्या वर्षांत मला हा प्रश्नच पडला नव्हता.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात आमची लिफ्ट बंद होती. मुलीला पाठुंगळी घेऊन चार मजले चढायचे म्हणजे आधीच दम लागलेला. तिसऱ्या मजल्यावर तिने कानात विचारलं, "राजा, सांग, आज शाळेत माझा डबा कुणी खाल्ला असेल?" मी म्हणालो, "तूच." ती पाठीवरून उतरली, हात पसरले आणि किंचाळत खाली पळाली. "बोललास! आता परत झाडापासून!"

मी पिशवी तिथेच ठेवली आणि तिला आणायला खाली गेलो.