रेंज नसलेले २३० किलोमीटर

कॅनडात कॅल्गरीहून भाड्याचं मोटरहोम घेऊन आइसफील्ड्स पार्कवेला, म्हणजे लेक लुईस ते जॅस्परच्या डोंगरी रस्त्याला, निघणार असाल तर हे वाचून मग निघा. माझे १,५०० डॉलर गेलेत.

जुलै २०२३. साताऱ्याहून आई-बाबा आले होते. बाबांच्या गुडघ्यांना रोज नवं हॉटेल, नवे जिने झेपले नसते. म्हटलं, घरच बरोबर नेऊ. भाड्याच्या गाड्यांच्या एका वेबसाइटवर एका खासगी मालकाची पंचवीस फुटी गाडी सापडली. दिवसाला २४० डॉलर. दोन-चार निरोपांतच तो म्हणाला, वेबसाइटला कमिशन कशाला देता, भाडं आणि डिपॉझिट थेट मला ई-ट्रान्सफर करा, दोनशे वाचतील. मीही शहाणा, केलं. त्या दोनशे डॉलरांत वेबसाइटचा विमा गेला आणि भांडण झालं तर मध्ये पडणारं माणूसही गेलं. शिवाय ई-ट्रान्सफर समोरच्याच्या खात्यात जमा झाला की मागे घेता येत नाही.

गाडी द्यायला आलेला माणूस इतका गोड, की आईने त्याला चिवड्याचा पुडा दिला. गॅस, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, सगळं हौसेने दाखवलं. लेक लुईसला पेट्रोल भरून घ्या म्हणाला, पुढे जॅस्परपर्यंत मध्ये एकच पंप आहे, सस्कॅचेवन क्रॉसिंगला, आणि तो महाग. पहिला मुक्काम कुठे? वॉटरफाउल लेक्स? जॅस्परला कधी पोचाल, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी? मी भाबडेपणाने सगळं सांगत गेलो. छताकडे बघितलं तर म्हणाला, शिडी ढिली आहे, चढू नका. तपासणीचा फॉर्म ईमेल करतो, तुम्ही निघा, उशीर होईल.

रस्त्याबद्दल काय सांगू. बो समिटला चढत गेलो तसे बाबा गप्प झाले. पेटो तलावाचा तो दुधाळ निळा रंग पाहून आई म्हणाली, नीळ जास्त झाली वाटतं. ताशी ९० ची मर्यादा, पण एवढं धूड घेऊन मी सत्तरीच्या वर गेलो नाही आणि मागच्यांना वाट देत राहिलो.

लेक लुईस सोडलं की फोन मुका होतो, तो जवळजवळ जॅस्परपर्यंत. फॉर्मचा ईमेल आला दुपारी १.४० ला. तोवर आम्ही पार्कवेला लागलो होतो.

वॉटरफाउलला रात्री पाऊस झाला. वरच्या बिछान्यावर थेंब पडायला लागले. आईने टॉर्च मारली. छताला चहाच्या बशीएवढा तपकिरी डाग, कडेने वळं उठलेलं. "हे आजचं नव्हे रे," ती म्हणाली, "आपल्या माडीच्या छताला असंच होतं." मी एक फोटो काढला आणि खाली पातेलं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जॅस्परमध्ये फोन जिवंत झाला. फॉर्ममध्ये लिहिलं होतं: छत सुस्थितीत. खाली बारीक अक्षरांत, २४ तासांत हरकत न आल्यास मान्य समजले जाईल. चोवीस तास दुपारीच उलटले होते. त्याने मुद्दाम वेळ साधली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण कुठल्या दिवशी कुठे असू, हे त्याला आमच्याच तोंडून कळलं होतं.

गाडी परत केल्यावर तीन दिवसांनी हिशोब आला. झाडाच्या फांदीने छत फाटलं, १,२५०. जनरेटरचे जादा ३४ तास, १७०. सफाई ८०. बेरीज बरोबर डिपॉझिटएवढी! जनरेटर आम्ही फक्त वॉटरफाउलला लावला होता, दीड-दोन तास. जॅस्परला तर विजेची जोडणी होती. पण निघताना मीटरचा आकडा मी कुठे टिपला होता? डागाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटो गाडी तुमच्याच ताब्यात असतानाचा आहे. त्यानंतर फोन उचलणंच बंद. वेबसाइटवाल्यांनी हात वर केले, व्यवहार त्यांच्यातून झालाच नव्हता. दिवाणी कोर्टात जाता आलं असतं. आई-बाबांच्या परतीला आठ दिवस उरले होते, नाही गेलो.

गेल्या वर्षी पुन्हा मोटरहोम घेतलं, या वेळी कंपनीकडून. क्रेडिट कार्डाने. बायको आतलं स्वयंपाकघर बघायच्या आधी शिडी चढून छतावर गेली आणि व्हिडिओ काढत राहिली. काउंटरवरची मुलगी हसली. मी तोवर जनरेटरच्या मीटरचा फोटो काढत होतो.